स्टेशन ते स्टँड

परवा आईला घेऊन रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरले. आई 78 वर्षांची. 2022 पासून 75 च्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, 2023 पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे मालवणपर्यंत तिला एक रुपया पडत नाही, पण स्टेशनवरून स्टँड गाठायला स्पेशल रिक्षा करावी लागते. हे मला फार खटकतं.

या वेळी शेअर रिक्षा मिळाली. मागे दोघीजणी आधीच बसलेल्या, त्यांनी आईची पिशवी मांडीवर घेतली. रिक्षावाल्याने विचारलं, "आये, मालवणची गाडी धरूची आसा मा?" आणि स्टँडवरच्या मित्राला फोन लावून गाडी लागली का ते विचारून घेतलं.

एवढंच तर हवंय! रेल्वे आली की शेअर रिक्षा उभी, आणि तिच्या वेळेला जुळणारी एसटी. जूनपासून रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू धावतात; तेव्हा बसची वेळही तशीच सरकवावी. स्टेशनबाहेर एका फळ्यावर पुढच्या तीन बसच्या वेळा खडूने लिहिल्या तरी पुरे.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी लागलेली होती. आईला खिडकी मिळाली.