सीजे-३बी : ५.३८ वरून ४.८८ आणि ३१ इंची टायर (नोंद तिसरी, मागचा एक्सल पूर्ण)

गाडी महिंद्राची उंच बॉनेटची सीजे-३बी. हरिकेन पेट्रोल इंजिन २१९९ सीसीचं, टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स, डाना १८ ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी, हिच्यात हाय आणि लो). मागे डाना ४४, पुढे त्याच घराण्यातला लहान डाना २५. एक्सलमधलं मोठं दातेरी चाक म्हणजे क्राउन, त्याला फिरवणारं लहान म्हणजे पिनियन. मूळ जोड ४३ आणि ८ दात्यांचा, म्हणजे रेशो ५.३८. नवा जोड ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. मागचा एक्सल बसवून झाला, पुढचा उघडा आहे, टायर आलेत पण चढवलेले नाहीत.

आधी गणित. टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या इंचांवर हिशेब करू नये. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलून चाकाचे पाच फेरे मोजा, टेपने अंतर घ्या आणि पाचाने भागा. ६.००-१६ च्या टायरला एका फेऱ्यात २.२४ मीटर मिळाले. ३१×१०.५ आर १५ साठी सध्या २.४० धरले आहेत, चढवल्यावर पुन्हा मोजायचे.

या इंजिनाचा स्ट्रोक १११ मिलिमीटर आहे. टॉप गिअर सरळ १:१, ट्रान्सफरची हायही १:१, त्यामुळे जुन्या जोडीवर ताशी ८० ला इंजिन ३२०० फेऱ्यांवर ओरडतं आणि पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ११.८ मीटर होतो. नवा जोड आणि ३१ चे टायर मिळून त्याच वेगाला २७१० फेरे, पिस्टन १० मीटरवर. लांब स्ट्रोकच्या जुन्या इंजिनाला हा फरक आयुष्याचा आहे.

किंमत लो गिअरमध्ये मोजावी लागते. पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफरची लो २.४६; ५.३८ शी गुणलं की एकूण रेशो ३७.०. ४.८८ ने ३३.६, आणि मोठ्या टायरचा हिशेब धरला तर जुन्या टायरच्या भाषेत ३१.४. बरेच जण ४.२७ सुचवतात. तो जोड आणि हे टायर एकत्र आले की २७.४ उरतात. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या लाल चिखलाच्या चढावर अशी गाडी क्लचवर चालवावी लागेल, म्हणून ४.२७ बाद. ज्याची गाडी हायवेवर जातच नाही त्याने तर एक्सल उघडूच नये. ५.३८ ठेवून नुसते ३१ चढवले तर ३४.६ मिळतात आणि ते पुरेसे आहेत.

जोड विकत घेताना दाते स्वतः मोजा. कुर्ल्याच्या बाजारात तोंडी सांगितलेल्या रेशोवर भरवसा नको. क्राउन आणि पिनियनवर एकच जोड-क्रमांक कोरलेला असतो. तो जुळत नसेल तर माल कितीही चकचकीत असला तरी सोडून द्या, कारण ते दोघं कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. डाना ४४ मध्ये ३.९२ आणि त्याहून मोठ्या आकड्यांना एकच केरियर (क्राउन ज्यावर बोल्टने बसतो तो भाग) चालतो, म्हणून जुना वापरता आला. गाडीवर बसलेला रेशो तपासायचा तर एक मागचं चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सुटा आणि जमिनीवरच्या चाकांना पुढेमागे उटी. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवलं की प्रॉपेलर शाफ्ट जितके फेरे फिरतो तोच रेशो: पाच आणि एक-तृतीयांशाच्या थोडं वर असेल तर ५.३८, पाचाला जरा कमी पडला तर ४.८८.

मागचे हाफ शाफ्ट निमुळते, हब चावीवर बसलेले. चाकाच्या बोल्टांवर चढणारा पुलर लागतोच. शाफ्टच्या टोकावर घण मारलात तर आतला थ्रस्ट ब्लॉक आणि बेअरिंग दोन्ही जातात. शाफ्टचा नट पूर्ण काढू नका, दोन आटे सैल ठेवा. निमुळतं सुटताना हब तोफेसारखं उडतं. जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात, तिथे ताकद लावून बोल्ट मोडणारे कमी नाहीत.

केरियर काढायच्या आधी बेअरिंग कॅपवरची अक्षरं पाहा. हौसिंगवर तीच अक्षरं असतात आणि कॅप त्याच जागी, त्याच दिशेने परत जायला हवी. हौसिंग ताणायला स्प्रेडर वापरला, डायल लावून ०.५ मिलिमीटरच्या आत. त्यापुढे ताणलं की हौसिंग मूळ मापाला परत येत नाही.

खरा वेळ पिनियनच्या खोलीत जातो, म्हणजे तो क्राउनच्या किती जवळ बसतो ते जुळवण्यात. पिनियनच्या तोंडावर अधिक किंवा उणे चिन्हासह आकडा कोरलेला असतो, इंचाच्या हजाराव्या भागात. जुन्यावर +२ होतं, नव्यावर −१. फरक तीन, म्हणून आतल्या बेअरिंगच्या कपाखालची शिम (पातळ चकती) ०.००३ इंच म्हणजे ०.०७५ मिलिमीटरने वाढवली. उणे आकड्याच्या पिनियनला क्राउनच्या जवळ जावं लागतं, एवढं लक्षात राहिलं की चिन्हांचा गोंधळ होत नाही. आता इथे बहुतेकांचं चुकतं: खोलीची शिम वाढवली की दोन्ही कपांमधलं अंतर वाढतं आणि प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) आपोआप चढतो. म्हणून बाहेरच्या बेअरिंगमागची प्रीलोडची शिमही तेवढीच वाढवायची. या एक्सलमध्ये चेपणारी नळी नाही, सगळं शिमवर आहे, आणि प्रीलोडची शिम जास्त म्हणजे प्रीलोड कमी.

नट २७० ते ३०० न्यूटन-मीटरला आवळला. ऑइल सील न बसवता, नव्या बेअरिंगवर फिरवायला २.३ ते ४.५ न्यूटन-मीटर लागले पाहिजेत. तसा टॉर्क पाना नसेल तर फ्लॅंजला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढा: ४० मिलिमीटर त्रिज्येवर साडेसात किलोची सलग ओढ म्हणजे साधारण ३ न्यूटन-मीटर. फिरायला लागतानाचा झटका मोजायचा नाही, फिरत असतानाची ओढ मोजायची.

क्राउनचे दहाही बोल्ट नवे, थ्रेडलॉक लावून, समोरासमोर आवळत ७० न्यूटन-मीटर. पहिल्या बसवणीत लॅश (दात्यांमधली मोकळीक) ०.३१ मिलिमीटर आला. ०.२० ची शिम काढून दात्यांच्या पाठीकडच्या बाजूला घातली, तेव्हा ०.१८ वर आला. चार ठिकाणी ०.१७, ०.१८, ०.२०, ०.१८. मर्यादा ०.१३ ते ०.२३ आणि फेऱ्यातला फरक ०.०५ च्या आत, म्हणजे क्राउन सरळ बसलाय. फरक जास्त आला तर शिमला दोष देऊ नका. क्राउन काढून केरियरच्या बैठकीवरचा कचरा आणि कड तपासा.

मग दात्यांना पिवळा लेप लावून ते एकमेकांना कुठे टेकतात त्याचा ठसा. क्राउनला लाकडी पाचर लावून अडवलं आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवला. नुसतं मोकळं फिरवून ठसा कळत नाही. ठसा दात्याच्या मुळाशी उतरला तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. शेंड्याशी चढला तर वाढवा. दुसऱ्या खेपेला ठसा उंचीच्या मध्यावर आणि किंचित आतल्या टोकाकडे आला, तो ठेवला. दाब वाढल्यावर तो बाहेरच्या टोकाकडे सरकतो.

तेल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, भरण्याच्या भोकापर्यंत, सव्वा लिटरच्या आसपास. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरमध्ये पितळी भाग आहेत, तिथे जीएल-४ च. पहिले २० किलोमीटर सावकाश चालवून हौसिंग पूर्ण थंड होऊ द्यायचं, असं तीनदा. ८०० किलोमीटरपर्यंत काही ओढायचं नाही, मग तेल बदलायचं.

तोवर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट उतरवून ठेवला आहे. डाना १८ मध्ये मधला डिफरेन्शियल नाही. पुढे ५.३८, मागे ४.८८ अशी गाडी फोर-व्हीलमध्ये टाकली तर पुढची आणि मागची चाकं दहा टक्क्यांनी वेगळी फिरू पाहतात, आणि कोरड्या रस्त्यावर क्रॉस (शाफ्टचा सांधा) तरी तुटतो किंवा ट्रान्सफरचे दाते.

नवा रेशो आणि मोठे टायर मिळून, त्याच वेगाला ट्रान्सफरमधून निघणारा शाफ्ट आधीच्या ०.८५ पटच फिरतो. स्पीडोमीटरची केबल तिथूनच निघते, म्हणून टायर चढल्यावर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ७१ ला असेल. दाते बदलेपर्यंत जीपीएस, आणि तेलबदलाचे किलोमीटरही त्याच हिशेबाने. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफरच्या मागेच आहे, तेव्हा त्याची चाकांवरची पकडही १५ टक्क्यांनी घटते. घाटात उभी करताना उटी गाडीत हवीच, आणि ब्रेकचे लायनर टायरच्या आधी बदलायचे ठरले आहेत. उतारावरचं इंजिन ब्रेकिंगही तेवढंच कमी होणार. पायाच्या ब्रेकचे ड्रम नऊ इंची, त्यांना मोठ्या टायरमुळे सात टक्के जास्त जोर लागेल.

टायरसाठी रिम १५×८, पाच बोल्ट, ५.५ इंचांच्या वर्तुळावर. पूर्ण वळणावर टायर पुढच्या स्प्रिंगच्या पाट्याला घासतो का ते पाहून नकलवरचा (चाक वळवणाऱ्या सांध्यावरचा) स्टॉप बोल्ट बाहेर काढायचा, मग किंगपिनच्या शिम. ज्याला बाहेरचा व्यास मूळचाच ठेवून रुंद टायर हवा त्याने २३५/७५ आर १५ घ्यावा, ६.००-१६ शी जवळजवळ तंतोतंत जुळतो. मोठ्या टायरबद्दल आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा फेरबदलांबाबतच आहे.

पुढच्या डाना २५ चं पिनियन मोजून झालंय: जुन्यावर ०, नव्यावर +१. शिम ०.००१ इंचाने कमी होणार. आतला कप आणि सील आले की बसवणी सुरू.