दुखते कंबर, मग अंगठा कशाला पाहता?

कमरेतून पायात कळ जाते म्हणून आलेल्या माणसाला मी पायाचा अंगठा वर उचलून धरायला सांगते आणि बोटाने तो खाली दाबू लागते, तेव्हा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. फिजिओथेरपीच्या घाईच्या वेळेत तो अर्धवट राहतो. तुम्ही विचारलेत म्हणून आज नीट सांगते.

मज्जारज्जूतून नसांच्या 31 जोड्या निघतात. मज्जारज्जू स्वतः मात्र कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि त्याखाली नसांचा झुपका घोड्याच्या शेपटीसारखा उतरत जातो. (या झुपक्यावरच दाब येऊन लघवी अडली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर मी अंगठा तपासत बसत नाही, रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठवते.) कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली की बहुधा पाचवी नस दबते, आणि अंगठा वर उचलण्याची ताकद मुख्यतः तिच्याकडून येते. म्हणून कमरेतली दाबलेली जागा मला अंगठ्यात शोधावी लागते. ताकद 0 ते 5 अशा अंकांत लिहितात. स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण उचलता आले, पण दाब जराही पेलला नाही, तर 3.

गेल्या पावसाळ्यात एक शेतमजूर बाई आल्या. चालताना उजव्या पायातली चप्पल निसटत असे. एमआरआयच्या अहवालात गादी सरकल्याचे लिहिले होते आणि त्यांनी शस्त्रक्रियेची धास्ती घेतली होती. अंगठा उचलत नव्हता, पाऊलही वर येत नव्हते; परंतु पाऊल आत वळवायला सांगितले, तेव्हा त्यांनी माझा हात सहज ढकलून दिला, आणि कुशीवर निजून पाय वर उचलतानाही जोर शाबूत होता. ही दोन्ही कामेही बरीचशी पाचव्या नसेवरच चालतात. ती कमरेत दबली असती, तर तिथेही जोर कमी पडला असता. मग मी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बारीक हाडाला वळसा घालून जाणाऱ्या नसेवर बोटाने हलकेच ठोकले आणि पावलाच्या वरच्या बाजूपर्यंत मुंग्या गेल्या. आधीचे आठ दिवस त्यांनी उकिडवे बसून भुईमुगाची खुरपणी केली होती, आणि त्या बैठकीत नेमकी हीच नस दाबली जाते. नसांच्या तपासणीतही दोष गुडघ्यापाशीच निघाला.

उकिडवे बसणे बंद केले, पाऊल उचलून धरणारा पट्टा दिला, व्यायाम सुरू केले. दोन महिन्यांनी त्यांनी खाटेवर बसून अंगठा पूर्ण वर उचलला. माझे बोट टेकताच तो खाली गेला, म्हणून नोंदवहीत मी 3 लिहिले.