पायलॉस: हातचं राखून खेळायचा खेळ

पायलॉसच्या लाकडी पटावर चार बाय चार असे १६ खळगे असतात. दोघांकडे १५-१५ गोट्या, एकाच्या फिक्या आणि दुसऱ्याच्या गडद. चार गोट्या चौकोनात बसल्या की त्यांच्यामधल्या खाचेत वरच्या मजल्याची गोटी बसते, मग ती चौकडी कोणत्याही रंगांची का असेना. १६, ९, ४ आणि १ मिळून ३० गोट्यांचा पिरॅमिड उभा राहतो. टोकाची गोटी ज्याची, तो जिंकला.

खेळ डेव्हिड रॉयफ यांचा, काढला फ्रान्सच्या जिगामिक कंपनीने. क्वार्टो हा पटावरचा खेळही याच कंपनीचा. भाऊ कामानिमित्त तिकडे गेला होता, येताना घेऊन आला आणि माझ्या गळ्यात मारला, कारण त्याच्या मुलाला रोज कोणीतरी भिडू हवा होता. भाचा नववीत. बुद्धिबळात मला केव्हाच मागे टाकलेला, त्यामुळे इथे तरी बरोबरीची लढत होईल अशी माझी आशा.

पहिले काही डाव आम्ही दोघंही नुसते रचत होतो. एक मी, एक तो. मग त्यानेच हिशेब मांडला. "आत्या, एकेक गोटी लावत गेलो तर तिसावी नेहमी दुसऱ्या खेळाडूचीच येणार ना?" खरंच की. कोणीच काही वाचवलं नाही तर पहिली चाल करणारा हरलेलाच. म्हणजे त्याला कुठेतरी एक गोटी वाचवायलाच हवी, आणि दुसऱ्याने त्याला ती वाचवू द्यायची नाही. तिथून आमचा खरा खेळ सुरू झाला.

गोटी वाचवायचे मार्ग दोन. पटावरच्या तुमच्या एखाद्या गोटीवर काही टेकलेलं नसेल, तर हातातली नवी गोटी न लावता तीच उचलून वरच्या मजल्यावर ठेवता येते. दुसरा मार्ग म्हणजे एकाच मजल्यावर आपल्याच रंगाच्या चार गोट्यांचा चौकोन. तो जुळला की लगेच आपल्या एक किंवा दोन मोकळ्या गोट्या पटावरून परत हातात घ्यायच्या. त्या नव्या चौकोनातल्या असल्या तरी चालतात.

चौकोनाची लालूच मोठी, पण समोरचा काही झोपलेला नसतो. तुमच्या तीन झाल्या की चौथ्या खळग्यात तो आपली गोटी टाकतोच. हे बरेच डाव बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याने अडवण्यासाठी टाकलेल्या चौथ्या गोटीनेच वर चढायची जागा तयार होते, आणि पुढची चाल माझी असते! फक्त त्या चौकडीच्या बाहेर माझी एक मोकळी गोटी असायला हवी. एकदा डाव्या कोपऱ्यात माझ्या तीन फिक्या झाल्या, भाच्याने चौथ्या जागी गडद टाकली, आणि मी पलीकडच्या कडेला एकटी पडलेली माझी गोटी उचलून त्या चौघींच्या डोक्यावर ठेवली. हातातलं काहीच खर्च झालं नाही. वर त्याची गडद गोटीही खाली दबली, आता ती उचलायची सोयच नाही. "अगं आत्या, तू मला मुद्दाम तिथे टाकायला लावलंस!" म्हणून तो बराच वेळ पट न्याहाळत बसला.

म्हणून आता मी दोन गोष्टी सांभाळते. कुठल्याही चौकडीतली चौथी गोटी शक्यतो माझी नसावी, निदान समोरच्याकडे चढवण्यासारखी गोटी असताना तरी. आणि एखादी गोटी कडेला मोकळी ठेवायची, तिच्यावर कोणी बसणार नाही अशा बेताने. त्यासाठी तिच्या शेजारची जागा भरायचा मोह टाळावा लागतो, जो मला अजूनही होतो.

चौकोन साधलाच, तर दोन काढायच्या की एक, यावर आमचं एकमत नाही. दोन घेतल्या तर हात भरतो. चौकोनातली एकच घेतली तर उरलेल्या तिघी पुन्हा धमकी देतात आणि समोरच्याला परत अडवायला धावावं लागतं. भाचा सरळ दोन घेतो. मी, कडेला मोकळी गोटी असेल तर एकच. मला हीच खेळातली सर्वांत चवदार जागा वाटते. टोकाची गोटी ठेवण्याचा क्षण त्यामानाने फिका, कारण कोणाच्या हातात किती उरल्यात यावरून निकाल बहुतेक वेळा आधीच कळलेला असतो.

लहान मुलांना शिकवताना चौकोनाचा नियम गाळता येतो, नुसतं चढवणं ठेवायचं. सरावलेल्यांसाठी आणखी एक नियम आहे: तळमजल्यावर एका रंगाच्या चार किंवा दुसऱ्या मजल्यावर तीन गोट्या सरळ रांगेत आल्या तरी गोट्या परत घेता येतात. हल्ली आम्ही तसंच खेळतो. धमक्या एकदम वाढतात, डाव लांबतो, आणि पहिली चाल कोणाची यावरून टॉस करावा लागतो, कारण पहिलं खेळायला दोघंही तयार नसतो.