मुक्ताचं पुढे काय झालं?

मुक्ता साळवे हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आपल्याच शाळेत, जिचा आता सुवर्णमहोत्सव आहे, नववीच्या वर्गात, आणि ते आमच्या पुस्तकात नव्हतं. इतिहासाच्या बाईंनी चालू धडा बाजूला ठेवला आणि सांगितलं की जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात काढलेल्या शाळेत मांग समाजातली एक मुलगी होती, जवळपास तुमच्याच वयाची, आणि तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. मग त्यांनी तो वाचूनच दाखवला. आम्हाला धर्मपुस्तक बघायचाही अधिकार नाही, मग आमचा धर्म तरी कोणता, असं ती मुलगी देवालाच विचारते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात पावसात त्यांचं काय होत असेल, हेही तिने लिहिलंय. चौदा वर्षांच्या मुलीला बाळंतिणीचं दुःख लिहावंसं वाटलं आणि तिच्या शिक्षकांनी ते लिहू दिलं, याचं मला आजही फार वाटतं.

वर्गातल्या कुणीतरी विचारलं, "बाई, पुढे काय झालं तिचं?" बाई म्हणाल्या, "त्याची नोंदच सापडत नाही गं." बस्स, एवढंच. पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला घरून आईचं, आजीचं, पणजीचं नाव लिहून आणायला सांगितलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, मुलांनाही. सोपं वाटलं होतं. पण बहुतेक सगळे आजीपर्यंत जाऊन अडकले, माझ्या घरी वडिलांकडच्या सात पिढ्यांची वंशावळ वहीत लिहिलेली होती आणि त्यात एकही बाई नव्हती. कितीतरी जणांना आजीचं लग्नाआधीचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि एका मैत्रिणीची आजी म्हणे ते सांगताना रडली, कारण साठ वर्षांत तिला त्या नावाने कुणी हाकच मारली नव्हती.

आता वाटतं की बाई आम्हाला सनावळीच्या पलीकडचा इतिहास शिकवत होत्या. ताराबाई शिंदे त्यांनीच सांगितल्या. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, सगळे दोष बाईच्याच माथी का मारता असा पुरुषांना थेट सवाल केला, त्यावर एवढी टीका झाली की त्यांचं दुसरं पुस्तक कधी आलंच नाही. जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले पण पुस्तक मात्र विस्मरणात गेलं ते थेट १९७५ साली पुन्हा छापलं गेलं. रखमाबाईंचंही तसंच, लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून त्या कोर्टात लढल्या, १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा निकाल लागला तेव्हा तुरुंग चालेल म्हणाल्या, शेवटी तडजोड झाली आणि पुढे लंडनला शिकून डॉक्टर होऊन परत आल्या. पण याच रखमाबाईंनी आधी बालविवाहाविरुद्ध 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रं लिहिली होती ती 'एक हिंदू स्त्री' एवढ्याच सहीने. स्वतःचं नाव छापणं तेव्हा किती अवघड असेल.

मतदार यादीची गोष्ट मात्र मला बरीच नंतर वाचायला मिळाली, तेव्हा बाई हव्या होत्या असं वाटलं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या करताना कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी असंच सांगितलं. निवडणूक आयोग म्हणाला असं चालणार नाही, मतदाराचं स्वतःचं नाव पाहिजे, आणि जवळपास २८ लाख बायका यादीतून गळल्या. राज्यघटनेने मत दिलं होतं, पुरुषाच्या बरोबरीने, आणि नाव नाही म्हणून ते वापरता आलं नाही. आयोग बरोबर होता असं माझं मत आहे, त्या २८ लाख जणींसाठी जीव तुटतो तरीही, कारण तसंच चालवून घेतलं असतं तर बाई कायम कुणाची तरी कुणीतरीच राहिली असती.

आम्ही शाळेत असतानाच, १९९४ साली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच हक्क देणारा महाराष्ट्राचा कायदा आला, बाईंनी पेपरचं कात्रण वर्गात आणून वाचलं होतं. ज्यांची लग्नं आधीच झालेली त्या मात्र त्यातून सुटल्या. मग २००५ ला देशभरासाठी केंद्राची दुरुस्ती आली, त्यात विवाहित मुलीही आल्या, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच आहे, वडील २००५ ला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. मी आता महसूल खात्यात नोकरी करते, रोज फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतले नावांचे बदल, आणि सातबारा बघते, त्यामुळे कायदा आणि कागद यातलं अंतर मला माहितीय. वारस नोंदीत बहिणींची नावं लागतात आणि थोड्याच दिवसात हक्कसोडपत्र, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद, येऊन ती कमी होतात. जुन्या उताऱ्यांवर तर बहिणी कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, नसतातच, 'इतर हक्क' या रकान्यात टाकलेल्या असतात. बहिणीने सही केली तर ती प्रेमळ आणि नाही केली तर माहेर तुटलं, हे गणित अजून बदललेलं नाही. स्वखुशीने सोडत असेल तर तिचा निर्णय, पण समोर बसलेल्या बाईला मी नेहमी विचारते की ताई, हे काय आहे ते वाचलंत का. काही जणी कागद परत घेऊन जातात. त्या दिवशी मला फार बरं वाटतं.

काही गोष्टी बदलल्यात हेही खरं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लागणार, स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आमच्या नववीच्या वर्गाने हे ऐकलं असतं तर टाळ्याच वाजवल्या असत्या!

आता शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं. समितीने माजी विद्यार्थ्यांची यादी ग्रुपवर टाकलीय, आमच्या बॅचची मुलं बहुतेक सगळी सापडली, मुली मात्र निम्म्याही नाहीत. शाळेच्या जनरल रजिस्टरला माहेरचं नाव, लग्नानंतर आडनाव वेगळं, काहींचं तर पहिलं नावही बदललेलं, फेसबुकवर शोधणार कसं. समितीने पुष्कळ प्रयत्न केलेत, त्यांना दोष नाही. म्हणून मी आणि आमच्या बॅचच्या तिघी मिळून रजिस्टरमधली मुलींची नावं उतरवून घेतोय आणि एकीकडून दुसरीचा नंबर काढतोय. तुमची बहीण, वहिनी, आई, काकू आपल्या शाळेत शिकली असेल तर तिचं शाळेतलं नाव, आत्ताचं नाव आणि दहावीचं वर्ष शाळेच्या ऑफिसात कळवा, आणि ती सध्या काय करते हेही लिहा, घर सांभाळत असेल तर तेही लिहा. यादी ऑफिसातच ठेवलीय, महोत्सव संपल्यावरही नावं घेणार आहोत.