उरोस्थीतले छिद्र

हे प्रकरण माझ्या टेबलावर आले तेव्हा इतर सगळ्यांच्या लेखी त्याचा निकाल लागून गेलेला होता. टेकडीचा उतार सपाट करताना खोदयंत्राच्या बादलीतून मानवी हाडे वर आली, छातीच्या मधल्या हाडाला, म्हणजे उरोस्थीला, गोळीचे छिद्र आहे, कवटी जड वस्तूने फोडलेली आहे, तरी मृत्यूचे कारण आणि वापरलेले हत्यार यांबाबत अभिप्राय द्यावा, असे सोबतच्या पत्रात म्हटले होते. गोळीचा अंदाज प्रथम तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा होता आणि तो तोपर्यंत वर्तमानपत्रांतही छापून आला होता. एका संशयिताच्या घरातून जप्त केलेली लोखंडी सळई मुद्देमालात जमा होती; ती कवटीच्या भगदाडात बसते का तेवढे पाहावे, अशी तपास अधिकाऱ्यांची तोंडी विनंती होती.

अशी पत्रे मी हाडे पाहून झाल्यावरच वाचते, पण या वेळी अधिकाऱ्यांनी ते स्वतःच मोठ्याने वाचून दाखवल्यामुळे इलाज उरला नाही. हा माझा हट्ट त्यांना विचित्र वाटला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकच सांगाडा तज्ज्ञांच्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी पूर्वमाहिती देऊन दाखवला होता, आणि लिंग, वंश व वय यांबाबतची त्यांची मते मिळालेल्या माहितीकडे झुकली होती. हाडे बदलली नव्हती, फक्त कानांवर पडलेली गोष्ट बदलली होती. हत्याराचा विचार आधी आणि हाडाचा नंतर, हा क्रम तपास यंत्रणेच्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो उलटा करावा असे कोणाला सुचतही नाही.

हाडे एका गोणीत एकत्र भरून आली होती. ती कोमट पाण्यात मऊ ब्रशने स्वच्छ करून, टेबलावर शरीररचनेच्या क्रमाने मांडून पाहिल्यावर पहिला निष्कर्ष असा निघाला, की गोणीतल्या काही बरगड्या एका लहान खूरवाल्या प्राण्याच्या होत्या. उरलेली हाडे एकाच माणसाची होती, कारण कोणतेही हाड दोनदा आलेले नव्हते आणि आकार, रंग व सांध्यांचा मेळ सगळीकडे जुळत होता. प्रौढ माणसाच्या 206 हाडांपैकी बोटांची बहुतेक हाडे, गुडघ्याची एक वाटी आणि जिभेच्या मुळाशी असणारे हायॉइड नावाचे लहानसे हाड आलेच नव्हते. गळा दाबल्याचा पुरावा सांगाड्यात कुठे राहिलाच, तर तो बहुधा याच हाडात किंवा त्याच्या खालच्या कूर्चेत राहतो. बादलीने माती उपसली गेल्यावर हे हाड पुन्हा सापडण्याची आशा जवळजवळ नसते. पहिले हाड दिसताच यंत्र थांबवून ती माती चाळणीतून गाळली असती, तर कदाचित हा सगळा लेख लिहावा लागला नसता. तशी माती पुढे मी गाळून घेतली. तीत दोन दात आणि पायाच्या बोटाचे एक हाड मिळाले, हायॉइड मिळाले नाही.

लिंगनिश्चितीत फारसे अवघड काही नव्हते. ओटीपोटाच्या हाडांवरची मोठी खाच रुंद होती, आणि पुढच्या बाजूला जिथे दोन्ही हाडे एकमेकांना भिडतात तिथे फेनिस यांनी 1969 मध्ये वर्णन केलेल्या तिन्ही खुणा स्त्रीच्या बाजूने स्पष्ट होत्या. वयाच्या बाबतीत मात्र अधिकारी नाराज झाले. कॉलरबोनचे छातीकडील टोक शरीरात सर्वांत शेवटी जुळणाऱ्या टोकांपैकी आहे. ते पूर्ण जुळून त्याची रेषाही पुसली गेली होती, म्हणजे वय बहुधा तिशीच्या पुढचे. ओटीपोटाच्या त्याच पुढच्या सांध्याचा, म्हणजे प्यूबिसच्या सांध्याचा, पृष्ठभाग सूची आणि ब्रूक्स यांच्या 1990 च्या वर्गवारीत चौथ्या टप्प्यात बसत होता. स्त्रियांमध्ये या टप्प्याचे सरासरी वय 38 च्या आसपास आहे, पण व्याप्ती 26 ते 70. “मॅडम, 26 ते 70 म्हणजे अर्धे गाव झाले,” असे ते म्हणाले आणि त्यांचे चूक नव्हते. पण सरासरीचा एकच आकडा लिहून दिला, तर बेपत्ता व्यक्तींच्या यादीतून खरे नाव पहिल्याच दिवशी गाळले जाऊ शकते. कॉलरबोन, बरगड्यांची टोके आणि मणक्यांच्या कडांवरची सुरुवातीची झीज एकत्र धरून मी 35 ते 55 अशी मर्यादा दिली. मांडीच्या हाडाची लांबी 41 सेंटिमीटर भरली. त्यावरून ट्रॉटर आणि ग्लेसर यांच्या 1952 च्या सूत्राने उंची साधारण 155 सेंटिमीटर निघते, आणि हे सूत्र भलत्याच लोकसमूहावरून बांधलेले असल्यामुळे दोन्ही बाजूंना सात-आठ सेंटिमीटर सोडणे भाग होते.

आता ते छिद्र. उरोस्थीचा मधला भाग वाढीच्या काळात अनेक केंद्रांपासून, डाव्या-उजव्या जोड्यांनी तयार होतो. खालच्या भागात या जोड्या पूर्ण मिळाल्या नाहीत, तर मध्यभागी एक गोल किंवा लंबगोल छिद्र आयुष्यभर राहते. साधारण वीसांत एका माणसाला ते असते आणि त्याचा कसलाही त्रास नसल्यामुळे कोणाला पत्ताही नसतो. (अॅक्युपंक्चरची सुई अशा छिद्रातून थेट हृदयापर्यंत गेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे, त्रास नसतो तो असा.) माझ्यासमोरच्या छिद्राची कड सर्व बाजूंनी गुळगुळीत, गोलाई घेतलेली आणि हाडाच्या कठीण बाह्यथराने मढलेली होती; आतला स्पंजासारखा भाग कुठेही उघडा पडला नव्हता. गोळी चपट्या हाडातून जाते तेव्हा आत शिरण्याच्या बाजूला छिद्र नेटके असते आणि पलीकडच्या बाजूला ते तिरकस कापल्यासारखे रुंदावते. बरेचदा कडेपासून भेगाही फुटतात. यातले इथे काहीही नव्हते, आणि क्ष-किरणात शिशाचा कणही दिसला नाही. वर्तमानपत्रांनी ही दुरुस्ती छापली नाही.

कवटीचे भगदाड दिसायला भीषण होते आणि त्याला उत्तर द्यायला दोन मिनिटे पुरली. डावे पार्श्वास्थी आत ढासळले होते. पण सबंध कवटी मातीने गडद तपकिरी झालेली असताना फुटलेल्या कडा खडूसारख्या पांढऱ्या होत्या, तुकडे जवळजवळ काटकोनात तुटले होते आणि शेजारी समांतर ओरखडे होते, ज्यांच्या तळाशीही तोच पांढरा रंग होता. हाड मातीत वर्षानुवर्षे रंगल्यानंतर फुटले होते आणि ते फोडणाऱ्या यंत्राचा चालक पंचनाम्यात साक्षीदार म्हणून उपस्थित होता. सळई त्या भगदाडात बसली असती, तशी दुसरी कितीतरी साधने बसली असती. मी ती बसवून पाहिली नाही.

इथपर्यंत तपास अधिकाऱ्यांच्या हातून गोळीही गेली होती आणि सळईही. सगळ्यांनी पाहिलेल्या दोन इजा इजाच नव्हत्या किंवा उशिरा झालेल्या होत्या, आणि ज्या खऱ्या होत्या त्यांच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते, कारण त्या बरगड्यांवर होत्या आणि बरगड्या सगळ्यांना सारख्याच दिसतात.

डाव्या बाजूच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या बरगडीवर, पाठीच्या कण्यापासून थोड्याच अंतरावर, एका ओळीत तीन फुगवटे होते. भिंगाखाली ते सच्छिद्र, खरखरीत, घाईने रचलेल्या नव्या हाडाचे दिसत होते. मोडलेल्या जागी असा कॅलस क्ष-किरणात दिसू लागायला सहसा दोन-तीन आठवडे लागतात आणि त्याचे घट्ट, थरांच्या हाडात रूपांतर व्हायला महिने जातात. म्हणजे या तीन बरगड्या मृत्यूपूर्वी काही आठवडे मोडल्या होत्या, ती स्त्री त्यानंतर जगली होती आणि श्वासागणिक तिला ते जाणवत असणार. उजव्या बाजूच्या दहाव्या बरगडीवर आणखी एक फुगवटा होता. तो गुळगुळीत, पूर्ण भरलेला, पुष्कळ जुना. एकाच देहावर दोन वेगवेगळ्या काळांतल्या मोडी होत्या.

डाव्या हाताच्या कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांपैकी अल्ना मधोमध मोडलेली होती, शेजारची रेडियस शाबूत होती. ओली फांदी वाकून तिरकी फाटते आणि वाळकी काटकी कडकन आडवी मोडते, तसाच फरक हाडातही असतो, कारण ओलावा आणि कोलॅजन हे चिवट प्रथिन टिकून असेपर्यंत हाड वाकण्याचा प्रयत्न करते. अल्नाची मोड तिरकी होती, कडा धारदार व गुळगुळीत होत्या, त्यांचा रंग उरलेल्या हाडासारखाच तपकिरी होता आणि एका बाजूला पाचरीच्या आकाराचा तुकडा सुटला होता. भरून येण्याची किंचितही खूण नव्हती. प्राण्यांच्या दातांच्या खुणा आसपास नव्हत्या. डोक्यावर येणारा घाव हाताने अडवताना हेच हाड असे मोडते, हे पाठ्यपुस्तकात आहे. पडताना ते कशाच्या तरी कडेवर आपटले तरी असेच मोडते, हेही आहे.

ओळख पटली ती त्या छिद्रामुळेच. बेपत्ता व्यक्तींच्या यादीतल्या एका स्त्रीच्या भावाने तिची जुनी सीटी स्कॅनची चकती जपून ठेवली होती. छिद्र असणे एवढ्यावर ओळख पटत नाही, कारण ते वीसांत एकाला असते. पण त्याचा आकार, कडेतला एक लहानसा दंतुरपणा, उरोस्थीच्या खालच्या टोकाचे वळण आणि दोन मणक्यांवरचे हाडाचे टोक हे सगळे जुळले, आणि पुढे दाढेतून काढलेल्या डीएनएची भावाच्या नमुन्याशी तुलना झाल्यावर शंका उरली नाही. मात्र त्या स्कॅनमध्ये मला आणखी काही दिसले. ते ती नाहीशी होण्याच्या तीन वर्षे आधीचे होते, तपासणीचे कारण ‘जिन्यावरून पडल्यामुळे छातीत दुखणे’ असे लिहिले होते, आणि उजवी दहावी बरगडी त्यात नुकतीच मोडलेली स्पष्ट दिसत होती. त्या वेळच्या अहवालात हृदय आणि फुप्फुसे सामान्य असल्याचे नमूद होते; बरगडीचा उल्लेख नव्हता, छिद्राचाही नव्हता. तो अहवाल लिहिणाऱ्याने घाईत फक्त विचारलेल्याचे उत्तर दिले असावे. आमच्या व्यवसायात हे रोज घडते, आणि म्हणूनच मला त्याची चीड येते.

भावाने मला विचारले, “गोळी नाही म्हणता, डोक्यावरचाही घाव नाही म्हणता, मग ताईला मारले कशाने?” मृत्यूचे कारण हाडांवरून सांगता येत नाही, हे मी त्यांना जमेल तितक्या सरळ शब्दांत सांगितले. मऊ ऊतींना झालेली इजा, विष, गुदमरणे यांपैकी काहीही हाडाला स्पर्श न करता माणसाला मारू शकते. ते समजल्यासारखी मान हलवून गेले, पण मला वाटत नाही त्यांना ते पटले.

अहवालावरून वाद झाला तो दोन जागी. अल्नाबद्दल मी लिहिले, की मोड झाली तेव्हा हाड ताजे होते. ती मृत्यूच्या थोडी आधी, मृत्यूसमयी किंवा मृत्यूनंतर हाड सुकण्यापूर्वी झालेली असू शकते. परिस्थितीनुसार हाडाचा हा ताजेपणा मृत्यूनंतर काही आठवडे ते महिने टिकतो, आणि देह उतारावरून ढकलला गेला असेल तर तेवढ्यानेही हे हाड मोडू शकते. तिसरा पर्याय गाळावा असे मला सुचवण्यात आले, कारण त्यामुळे आरोपीच्या वकिलांच्या हाती आयते हत्यार जाते. तो मी गाळला नाही. हाडाला घड्याळ आहे, पण न्यायालयाला हव्या त्या क्षणावर त्याचा काटा येत नाही. दुसरी मागणी बरगड्यांचा परिच्छेद काढून टाकण्याची होती, कारण त्या इजा मृत्यूचे कारण नाहीत. तोही छायाचित्रांसह अहवालात आहे.

हा परिच्छेद मी अजून मनात घोळवत असते. जिन्यावरून पडणारी माणसे खरोखरच असतात, तीन बरगड्या एकाच आघाताने मोडणेही नवलाचे नाही, आणि कोणाचा हात होता हे बरगडी सांगत नाही. तरीही तीन वर्षांच्या अंतराने छातीवर दोन आघात, त्यातला दुसरा मृत्यूपूर्वी काही आठवडे, आणि भरून न आलेली अल्ना, एवढा क्रम मी खात्रीने मांडू शकते. त्यातून काय घडले असावे ते ठरवण्याचे काम माझे नाही. साक्षीसाठी समन्स आले आहे. साक्षीदाराने विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यायचे असते, त्यामुळे बरगड्यांविषयी कोणी विचारलेच नाही तर त्या अहवालाच्या पानातच राहतील. म्हणून सरकारी वकिलांना मी ते प्रश्न क्रमाने लिहून, सीटीच्या तारखेसह पाठवले आहेत. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.