नमुना २१ मधल्या सह्या

मी पंचायत समितीत वरिष्ठ सहाय्यक आहे, ग्रामपंचायत विभागाचं टेबल माझ्याकडे. जिल्हा परिषदेच्या गट क आणि गट ड च्या भरतीत १० टक्के जागा ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांमधून भरतात, आणि हे पाणी सोडणारे, दिवाबत्ती बघणारे, वसुली करणारे, शिपाई यांच्यातल्या कितीतरी जणांना धड माहीतच नसतं. मंजूर आकृतिबंधातल्या, म्हणजे ग्रामपंचायतीला मंजूर असलेल्या पदांच्या यादीतल्या, पदावर सलग १० वर्षं सेवा झाली, शिक्षण आणि वयाची अट बसली की जिल्ह्याच्या ज्येष्ठता यादीत नाव येतं, नंबर लागला तर माणूस झेडपीचा कर्मचारी होतो. मी स्वतः परिचर म्हणून लागलो आणि प्रमोशनने इथवर आलो, त्यामुळे ही यादी माझ्यासाठी नुसता कागद नाही.

त्या दिवशी प्राथमिक यादीवर हरकती घ्यायची शेवटची तारीख होती. दुपारी एक पाणीपुरवठा कर्मचारी आले, पाण्याची पाळी सोडून तसेच आलेले, पँट गुडघ्यापर्यंत ओली. म्हणाले, "भाऊसाहेब, माझं नाव यादीतच नाही, माझ्या मागून लागलेल्याचं आहे." फाईल काढून बघितलं तर त्यांच्या नेमणुकीची तारीख चुकीची आली होती. मधे कधीतरी ग्रामपंचायतीत नमुना १३ म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सूचीचं रजिस्टर नवीन घातलं गेलं, आणि लिहिणाऱ्याने मूळ नेमणुकीऐवजी आकृतिबंध मंजुरीच्या नव्या पत्राची तारीख टाकून दिली. झालं, कागदावर १० वर्षं भरेनात. नेमणुकीचा ठराव आहे का विचारलं तर नाही, ऑर्डरची झेरॉक्स नाही, त्यांच्याकडे काहीच नाही. आणि वर्षानुवर्षं गावाला पाणी देणाऱ्या माणसाकडून आपण कागदाची अपेक्षा करतो, पण कागद जपून ठेव हे त्याला नोकरीत एकदाही कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा आमच्या ऑफिसला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एक मुलगी होती, पदवीधर, महिना १०,००० विद्यावेतनावर. ती शेजारी बसून ऐकत होती, तिने विचारलं, "सर, नेमणुकीचा कागद नसेल, पण पगार दिल्याची नोंद तर असेल ना?" बरोबर होतं तिचं. नमुना २१ म्हणजे कर्मचाऱ्यांच्या देयकाचं रजिस्टर, त्यात दर महिन्याला पगार घेतल्याची सही असते. लगेच ग्रामसेवकांना फोन केला, विस्तार अधिकारी साहेबांना सांगितलं आणि ते कर्मचारी, ती मुलगी आणि मी, आम्ही तिघं त्या ग्रामपंचायतीत गेलो.

जुनं दप्तर कपाटावर गाठोड्यात बांधलेलं होतं. ती पोरगी खाली बसून एकेक पान उलटत महिना, रक्कम, सही असं टिपून घेत होती आणि ते गृहस्थ उभ्याउभ्या आपल्याच सह्या बघत होते, सुरुवातीला पूर्ण नाव लिहिलेलं, पुढे पुढे नुसती घाईतली आद्याक्षरं. सगळं जुळत आलं आणि मधेच दोन ठिकाणी महिन्याची सहीच नाही! सलग सेवेला तिथेच हरकत आली असती. पण दोन्ही ठिकाणी पुढच्या महिन्यात दोन पगार एकदम काढलेले दिसले. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली झाली नाही की ग्रामपंचायतीत पगार थकतो, काम मात्र रोज चालूच असतं, म्हणजे खंड पगारात होता, सेवेत नव्हता. तसं ग्रामसेवकांनी लेखी दिलं, पानांच्या साक्षांकित प्रती काढल्या आणि ऑफिस बंद व्हायच्या आत हरकत अर्जाला आवक नंबर पडला.

अंतिम यादीत त्यांचं नाव आलं. नियुक्ती अजून व्हायची आहे, जागा निघतील तसा नंबर येईल, पण आता ते रांगेत तर आहेत.

ही मुलगी जे शिकली ते फार मोलाचं होतं. योजनेची मुदत आधी ६ महिने होती, नंतर वाढवून ११ केली, ती संपली आणि ती प्रमाणपत्र घेऊन गेली, आता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. एवढं तयार झालेलं माणूस सोडून द्यावं लागतं याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि दुसरीकडे प्रशिक्षण म्हटलं की यशदा ही पुण्याची सरकारी प्रशिक्षण संस्था असो नाहीतर आयगॉट कर्मयोगी या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स, ते आमच्यासारख्या ऑफिसवाल्यांपर्यंत येतं, व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यापर्यंत फार क्वचित. त्याला तर अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण पुरे: तुझी नोंद नमुना १३ मध्ये कुठे आहे, तारीख बरोबर आहे का, ठरावाची प्रत कशी मागायची, यादी कधी लागते, हरकत कशी घ्यायची.

मी आता ग्रामसेवकांच्या मासिक बैठकीत हा विषय लावून घेतलाय. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याची नोंद दाखवायची, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायची, आणि दाखवल्याची सही घेऊन ती यादी माझ्या टेबलावर पाठवायची. निम्म्या गावांच्या आल्यात, बाकीच्यांच्या मागे लागलोय.