खालांच्या नातीचा अर्ज

आज शेजारच्या खालांच्या नातीचा मतदार यादीत नाव घालायचा अर्ज भरून आले. परवाच १८ पूर्ण झाली. खालांचा जन्म विड्या वळण्यात गेला. पोरीनं सही केली तशी त्यांनी पदरानं डोळे पुसले.

परतताना पोरगी इराणचं विचारत होती. तिथं १९६३ पासून बायकांना मत आहे, संसदेतही बायका आहेत. पण राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार चाळणाऱ्या १२ जणांच्या पालक परिषदेनं आजवर एकाही बाईला उभं राहू दिलेलं नाही. १९७९ च्या ८ मार्चला तेहरानच्या बायका हिजाबसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. २०२२ मध्ये हिजाबवरून पोलिसांनी पकडलेली महसा अमिनी ही तरुणी गेली, तेव्हा त्यांच्या नातींच्या वयाच्या पोरी उतरल्या. फार राग येतो मला त्या सक्तीचा.

"ताई, मी माझ्या मनानं घालते," पोरगी हिजाब सारखा करत म्हणाली. "तिथं पोलीस घालायला लावतात."

खाला पुढं निघालेल्या. "चला गं, पानं भिजत घातलीत."